हाज्जे फहीमाची बॅटरी

मुंझिरकडे बिघडलेली वस्तू घेऊन गेलं की तो आधी स्टूल पुढे सरकवतो. "बस इथं. माझ्या हातांकडे बघ. नाहीतर उद्या म्हणशील, उस्तादानं चांगला भाग काढून ठेवला." मग मुग्राबियेच्या सँडविचचा उरलेला घास तोंडात कोंबतो, बोटं पुसतो आणि स्क्रूड्रायव्हर उचलतो. काढलेला खराब भाग तो गिऱ्हाइकाच्या हातात देतो, मग गिऱ्हाइकाला तो नको का असेना.

त्रिपोलीच्या कुब्बे भागात, आमच्याच इमारतीच्या तळाशी त्याचं दुकान आहे. तिथं त्याच्या बापानं रेडिओ दुरुस्त केले, मग मुंझिरनं टीव्ही केले, आणि आता तो बॅटऱ्या करतो. सरकारी वीज तिला वाटेल तेव्हा येते. गल्लीतला जनरेटरवाला त्याच्या ठरलेल्या वेळेतच देतो. बाकी सगळा वेळ छतावरचे सोलर पॅनेल आणि घरातली बॅटरी यांच्या जिवावर निघतो. त्यामुळे कुणाची बॅटरी बंद पडली की ते घर मागे पडतं, मग फ्रिजमधलं लबने, ते घट्ट दही, आंबतं आणि पोरं चिडचिडतात. तिसऱ्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या हाज्जे फहीमाची बॅटरी बंद पडली तेव्हा मात्र गोष्ट वेगळी होती. तिची फुप्फुसं थकलेली आहेत आणि नाकातली नळी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरला जोडलेली असते. ते मशीन विजेवर चालतं.

तिच्या लेकीनं, सुहैरनं, आधी कंपनीला फोन केला. उत्तर आलं, नवी घ्या. मग तिनं मशिदीच्या दवाखान्यातून ऑक्सिजनचा एक सिलिंडर उसना आणला आणि मुंझिरला वर बोलावलं.

बिघाड क्षुल्लक होता. बॅटरीच्या आत तापमान मोजणाऱ्या तारेचं टोक सैल झालं होतं. बॅटरीवर लक्ष ठेवणाऱ्या बोर्डानं त्याचा अर्थ 'आग लागते आहे' असा घेतला आणि सगळं बंद केलं. हे त्यानं बरोबरच केलं. मुंझिरनं तार नीट बसवली, तरी बोर्ड वीज सोडेना. एकदा घाबरला की तो कंपनीचा पासवर्ड टाकल्याशिवाय शांत होत नाही, अशीच त्याची रचना होती.

त्या पासवर्डसाठी मुंझिरनं बोलावलेला गस्सान दुपारी आला. पूर्वी मुंझिरच्या शेजारी त्याच टेबलावर काम करायचा. आता कंपनीत आहे, अंगात कंपनीचा शर्ट, काखेत लॅपटॉप.

"उस्ताद, उघडलीत ना तुम्ही?"

"उघडली. न उघडता आतली तार कशी बसवू? फुंकर मारून?"

गस्सान हसला, पण लॅपटॉप उघडला नाही. "उघडलेल्या बॅटरीला पासवर्ड द्यायची मला परवानगी नाही. मी साहेबांशी भांडलो. ते म्हणाले, एकदाच देऊ. पण तुम्ही एक छोटा व्हिडिओ करायचा. तुमच्या हातून ही बॅटरी बिघडली, आणि लोकांनी फक्त कंपनीकडेच यावं, एवढं बोलायचं. ते आमच्या पेजवर टाकतील."

"ती माझ्या हातून बिघडली?"

"मला माहीत आहे उस्ताद, नाही बिघडली."

"मग तूच कर की व्हिडिओ. शर्टही छान आहे तुझा."

सुहैर दारातच उभी होती. ती म्हणाली, "मुंझिरकाका, दोन वाक्यं आहेत! माझ्या आईच्या श्वासापेक्षा तुमचं नाव मोठं आहे का?"

मुंझिरनं चष्मा काढून कपाळ चोळलं. "मोठं नाही, पोरी. पण ही बॅटरी या गल्लीत किती घरांत आहे ते तुला ठाऊक आहे. मी असं बोललो की तार सैल झालेली प्रत्येक बॅटरी भंगारात जाईल. आणि वर माणसं म्हणतील, मुंझिरनंच सांगितलं होतं." त्यानं सिलिंडरच्या काट्याकडे पाहिलं. "काटा लाल पट्टीला लागला की मला हाक मार. मी कॅमेऱ्यासमोर उभा राहीन आणि ते सांगतील ते बोलीन. तोवर मला काम करू दे."

आतून हाज्जेचा आवाज आला. "अरे, मी मेले नाहीये अजून! कुणी मलाही विचाराल का?"

"विचारतो हाज्जे, काय म्हणता?" मुंझिर म्हणाला.

"माझ्या डोक्यावर उभं राहून भांडू नका. खाली जा आणि भांडा."

लिफ्ट कधीचीच बंद. मुंझिर, सुहैर, मुंझिरबरोबर वर आलेला मी आणि गस्सान, अशा चौघांनी बॅटरी जिन्यावरून खाली उतरवली. शर्ट मळला तरी त्यानं हात सोडला नाही. मग तो गेला.

मुंझिरचा विचार साधा होता. वीज साठवतात ते सेल. बोर्ड फक्त राखणदार. सेल हाज्जेनं विकत घेतलेले आहेत, राखणदार तेवढा कंपनीचं ऐकतो. तर राखणदार बदलायचा. बाजारात साधे बोर्ड मिळतात. ताप चढला की तेही बंद करतात, पण ताप उतरला की कुणाला न विचारता पुन्हा चालू करतात. मी इलेक्ट्रॉनिक्स शिकलो आहे, म्हणून एकेक सेल मोजायचं काम त्यानं मला दिलं. सगळे धडधाकट निघाले. त्यानं नवा बोर्ड बसवला, तापमानाची तार सेलच्या मधोमध चिकटवली आणि ओढून पाहिली. मग गरम हवेची बंदूक तारेवर धरली. बोर्डानं वीज तोडली. बंदूक बाजूला केल्यावर थोड्या वेळानं ती परत आली. हे त्यानं पुन्हा करून पाहिलं, आणि आणखी एकदा.

"झालं की!" मी म्हणालो.

"खाली झालं. वर काय होतं ते बघू."

वर नाहीच झालं. भिंतीवरचा इन्व्हर्टरही त्याच कंपनीचा. त्यानं बॅटरीला तिची ओळख विचारली, नव्या बोर्डाला त्याची भाषा येईना, आणि लाल दिवा लागला. सुहैर सिलिंडरजवळ जाऊन बसली. काटा लाल पट्टीच्या अगदी कडेला आला होता.

मुंझिर जमिनीवर मांडी घालून इन्व्हर्टरची बटणं दाबत राहिला. एक पान, दुसरं पान, परत मागे. मग अचानक थांबला.

"सुहैर, ही बॅटरी घ्यायच्या आधी तुमच्याकडे कसली होती?"

"ती आम्लाची, पाणी भरायला लागायची ती. का?"

"अर्ध्या शहराकडे अजून तीच आहे. ती चालणारच नाही असा इन्व्हर्टर कंपनी विकू शकत नाही." त्यानं इन्व्हर्टरमध्ये बॅटरीचा प्रकार बदलून 'आम्लाची' केला. किती व्होल्टला भरणं थांबवायचं आणि किती व्होल्टला तोडायचं, हे आकडे सेलना झेपतील असे स्वतः घातले. आम्लाच्या बॅटरीला कुणी ओळख विचारत नाही. लाल दिवा गेला. कॉन्सन्ट्रेटरनं एक धाप टाकली आणि तो चालू झाला.

हाज्जेनं नळी नाकाला लावली. जरा वेळ नुसता श्वास घेतला. मग म्हणाली, "म्हणजे माणसांशी खोटं बोलणार नव्हतास, आणि यंत्राशी बोललास!"

"सुरुवात त्यानं केली हाज्जे. आग नसताना आग म्हणाला."

सुहैर हसायला लागली आणि हसता हसता रडली. मुंझिर तिच्याकडे न बघता बॅटरीवर तळहात ठेवून बसला होता. जनरेटरवाल्यानं वीज काढली तेव्हाही तो तसाच बसला होता. अख्ख्या इमारतीत पंख्यांचे आवाज बदलले, आणि हे मशीन एकसारखं चालत राहिलं.

गस्सानचा फोन आला. "उस्ताद, साहेब व्हिडिओचं विचारतायत."

"व्हिडिओ नाही. हाज्जेचं मशीन चालू आहे."

"कसं?"

मुंझिरनं सगळं सांगितलं. बोर्ड, तार, बॅटरीचा प्रकार, घातलेले आकडे.

"मला नका सांगू. मी कंपनीचा माणूस आहे."

"म्हणून तर सांगतोय. ती तार कारखान्यातूनच सैल येते. साहेबांना सांग."

"साहेब तुमच्या नावानं सगळ्या गिऱ्हाइकांना मेसेज पाठवतील. मुंझिरकडे गेलात तर वॉरंटी संपली म्हणून."

"पाठवू दे. खाली माझा फोन नंबरही टाका म्हणावं."

गस्साननं हळूच विचारलं, "सैल टोक कुठल्या बाजूचं? बोर्डाकडचं की सेलकडचं?"

"बोर्डाकडचं."

फोन ठेवून मुंझिर उठला. त्याचे गुडघे वाजले. सुहैर सिलिंडर बंद करून दारापाशी ठेवत होती. सकाळी परत द्यायचा म्हणाली.

"नको," तो म्हणाला. "भरून आण आणि आठवडाभर इथंच राहू दे. मी रोज येऊन बॅटरी गरम होते का बघेन. माझ्या कामावर विश्वास ठेव, पण सिलिंडरही ठेव."