दस्तीखालचा आकडा

आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, तपासणीसाठी नांदेडहून लातूरला निघाले की एसटीत शेजारची बाई विचारते, "माहेरी निघालात का?" मी हो म्हणते. माहेर रेणापूरजवळ आहे हे खरं, पण उतरायचं असतं लातूरला, दवाखान्यात.

आबांना प्रोस्टेटचा कॅन्सर झाला होता. ऑपरेशन झालं, गाठ काढली. पण ती अगदी कडेपर्यंत पोचलेली होती, म्हणून दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचं. पीएसए नावाचा आकडा शून्याच्या आसपास राहिला तर बरं, लागोपाठ दोनदा पॉइंट दोन किंवा त्याच्या वर गेला तर आजार परतला असं धरायचं. डॉक्टरांनी आबांचं वय, गाठीची जात, आधीचे रिपोर्ट असं सगळं कॉम्प्युटरमध्ये भरलं आणि म्हणाले, "असे दहा पेशंट घेतले, तर त्यातल्या काहींना हा परत होतो."

"त्या दहांत म्या कितवा?" आबांनी विचारलं.

डॉक्टर हसले. मला काही हसू आलं नाही, कारण आबा चेष्टा करत नव्हते. उभा जन्म त्यांनी बैलांच्या दलालीत काढला. दात बघून, दोन पावलं चालवून, हा बैल अजून किती वर्षं औत ओढेल हे ते सांगायचे. दहा बैलांतल्या काहींचं नव्हे, समोर उभ्या असलेल्या एकाचं सांगायचे.

त्या बाजारात किंमत कोणी तोंडानं बोलत नाही. खांद्यावरची दस्ती, म्हणजे मोठा रुमाल, दोघांच्या हातांवर टाकायची आणि खालून समोरच्याची बोटं धरायची. जितकी बोटं, तितका आकडा. शेकड्यात की हजारात, ते दोघांनाही ठाऊक असतं. बोललेला आकडा चारचौघांचा होतो, आबा म्हणायचे. लहानपणी भुईमुगाच्या शेंगा वाटताना त्यांनी मला हा खेळ शिकवला होता. माय कुरकुरायची, "पोरीला कशाला शिकवता हे?"

पहिला रिपोर्ट माझ्या मोबाइलवर आला तेव्हा आम्ही तिघं दवाखान्याच्या बाकावर बसलो होतो. मी तोंड उघडणार, तोच आबांनी माझ्या हातावर दस्ती टाकली. "तोंडानं नको," ते कानाशी पुटपुटले. "तुझ्या मायला बीपी हाय."

मला वैताग आला. मी शाळेत पोरांना दशांश अपूर्णांक शिकवते, आणि इथं भर दवाखान्यात फडक्याखाली हात घालून बसायचं? पण बसले. आकडा शून्यालगत होता, म्हणून एकही बोट न धरता नुसती मूठ त्यांच्या तळव्यावर ठेवली. आबांनी डोळे मिटून घेतले. पलीकडे माय डब्याचं झाकण उगाच घट्ट करत होती. पुढच्या खेपांनाही मूठच होती. मग एकदा एक बोट, म्हणजे पॉइंट एक.

गेल्या खेपेला मी त्यांची दोन बोटं धरली. आबांनी उलट माझं एकच बोट धरलं. मला आधी काही कळेना. मग लक्षात आलं, ते घासाघीस करत होते.

"आबा, हे बाजारात चालतं, हितं न्हाई," मी दबक्या आवाजात चिडले आणि पुन्हा दोन धरली. त्यांनी पुन्हा एक धरलं, या वेळी जरा जास्त जोरानं. मी हात काढून घेतला, बेसिनवर जाऊन तोंड धुतलं आणि तिथंच रडले. मला त्यांचा राग आला होता, आणि त्याहून जास्त भीती वाटत होती. डॉक्टर म्हणाले, पुढच्या तपासणीपर्यंत थांबू.

ते महिने वाईट गेले. आबा रोज फोन करून "काय करायलीस?" विचारायचे आणि पावसापाण्याचं बोलून ठेवून द्यायचे. भावकीतला एकजण बैलजोडी बघायला चला म्हणून आला, तर त्याला म्हणाले, "माझी नजर आता चालत न्हाई, दुसऱ्याला ने." मायनं मला हे फोनवर सांगितलं. 

परवा पुन्हा त्याच बाकावर बसलो होतो. रिपोर्ट आला. मी तो दोनदा वाचला. आबांनी दस्ती टाकली, मी त्यांची तीन बोटं धरली. मी वाट बघत होते, पण त्यांनी उलट काहीच धरलं नाही. त्यांचा हात माझ्या हातात तसाच पडून राहिला.

तेवढ्यात मायनं डबा खाली ठेवला. "तुमा बापलेकीचं दर बारीला काय चालतंय, ते मला दिसत न्हाई व्हय?" असं म्हणत तिनं दस्तीखाली हात घातला, माझा बाजूला सारला आणि आबांचा धरला. तिला ही बोटांची भाषा येत नाही. तिनं त्यांची पाचही बोटं मुठीत घेतली आणि घट्ट धरून ठेवली.

आबा दचकले. सवयीनं त्यांच्या तोंडून निघून गेलं, "पाच न्हाई ग. तीन."

समोरच्या बाकावरची माणसं आमच्याकडे बघायला लागली.

"तीन तर तीन," माय म्हणाली. हात मात्र तिनं सोडला नाही.