मांडीतलं हाड

पाड्यावरच्या सगळ्यांनो, आपल्यातून कॉलेजात आलेला मी पहिला, पण म्हणून तुम्हाला काही सांगावं एवढा मोठा झालेलो नाही. लिहायला बसलो याबद्दल माफी असावी. राग गिळवत नाही, म्हणून लिहितोय.

नाशिकला निघालो त्या सकाळी बाबांनी माझा डावा पाय दोन्ही हातांनी उचलून एसटीच्या पायरीवर ठेवला, ते तुम्ही पाहिलंत. आत कंडक्टर ओरडला, "ए हिरो, पाय आत घे. रस्ता तुझ्या बापाचा हाय का?"

"बाप हितंच उभा हाय," बाबा खिडकीतून म्हणाले. "वाकत नाय पाय त्याचा."

सगळी गाडी हसली. मीही हसलो.

त्याआधी निफाडला द्राक्षाच्या कामावर असताना क्रेटांची थप्पी मांडीवर कोसळली होती. तालुक्याच्या डॉक्टरने पायाला हातही न लावता सांगितलं, "मुका मार आहे. गरम तेलाने चोळा." गाठ दगडासारखी झाली तेव्हा परत गेलो. परत तेच, "अजून जोर लावून चोळा." आपल्या पाड्यात लचक, मुरगळा बाबांच्याच हाताने उतरतो. ते रोज चोळायचे, गुडघा दाबून वाकवायचे. मी ओरडलो की म्हणायचे, "सोस जरा, मोकळा होईल."

इथल्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर मॅडमनी एक्स-रे उजेडावर धरला. मांडीच्या मांसात हाड तयार झालं होतं. "मार लागल्यावर कधी कधी होतं असं. पण चोळल्याने वाढतं. कोणी चोळलं?" सोबत चुलतभाऊ रमेश होता. बाहेर आल्यावर त्याला म्हणालो, बाबांना सांगू नको.

होस्टेलवर मी खुर्चीवर जेवतो, कोणाला त्यात काही वाटत नाही. घरी आलो की चुलीपाशी तुमच्यात बसता येत नाही, उंबऱ्यावर पाय पसरून ताट हातात घेतो. घर आता मला तिथून दिसतं. राग बाबांवर नाही. दोनदा दारात गेलो आणि शिकलेल्या माणसाने एक एक्स-रेचा फोटो काढायला सांगितला नाही, त्याच्यावर आहे.

दिवाळीत रमेश बोलून गेलाच. तेव्हापासून बाबांनी तेलाची बाटली उचलली नाही.

काल आईचा फोन आला. शेजारच्या सुमनकाकीच्या मांडीवर बैलाने लाथ मारली. बाबा तिला जीपने त्याच डॉक्टरकडे घेऊन गेले. तो म्हणाला, "मुका मार आहे, चोळा."

बाबा तिथेच दारात खाली बसले. "तुम्ही चोळा. मी नाय हात लावायचा. आधी फोटोची चिठ्ठी द्या."

"मग?" मी विचारलं.

"मग काय? चिठ्ठी घेऊनच उठला तुझा बाप."