मी परबचा बाप झालो तेव्हा

“अरे संतोष, लग्नाआधीच बाप झालास? आणि पोराचं नाव काय ठेवलंस, तर परब!”

परीक्षक बाईंची ती आरोळी नायगावातून निघाली ती थेट रे रोडच्या लाकडाच्या वखारीत पोचली आणि तिथले ओंडके करवतीशिवाय चिरले गेले, हे मी आजही शपथेवर सांगतो. परवा दवाखान्याच्या पडद्यावर ‘परब संतोष दत्ताराम’ झळकलं आणि ती कॉम्प्युटरची प्रॅक्टिकल परीक्षा, तापलेल्या प्लास्टिकचा वास, मानेवरून ओघळणारा घाम, सगळं परत आलं.

मी लिहिलेल्या फंक्शनला, म्हणजे प्रोग्रॅमच्या त्या तुकड्याला, तीन पॅरामीटर होते, माहिती भरायच्या तीन जागा: आधी नाव, मग वडिलांचं नाव, शेवटी आडनाव. पण ते वापरताना हात शाळेच्या सवयीने चालला, आडनाव आधी! यंत्राला काय, जे पहिलं येईल ते नाव. पडद्यावर उमटलं: ‘नाव परब, वडील संतोष, आडनाव दत्ताराम.’

नापास झालो तर दुसऱ्या दिवसापासून त्याच वखारीत फळ्या उचलायच्या, हे बाबांनी ठरवून टाकलं होतं. तेव्हा बाईंचा आवाज यमाच्या हाकेसारखा वाटला. आता कळतं, वेळ संपायच्या आत ओरडून त्यांनी मला वाचवलं होतं. मी तिन्ही नावं जागच्या जागी बसवली. बाई म्हणाल्या, “जा, पास.”

घरी मी उडतच गेलो. वाटेत पाय जमिनीला लागल्याचं कुणी पाहिलेलं नाही. “बाबा, आज तुम्ही माझ्या पोराचं आडनाव झाला होतात, तरी पास झालो!”

बाबांनी खुंटीवरचा शर्ट काढला. “वखारीत सांगून येतो, पोरगा उद्यापासून येणार नाही.”