आबांच्या पोटातली हवा

आमच्या वडिलांनी, आबांनी, मेंढरं विकली, पण मेंढरांची औषधं काही टाकली नाहीत. कळप मोडून निमोण्यात शेतीला लागून बरीच वर्षं झाली, तरी फळीवरचा तो डबा हलला नाही. मेंढीला हगवण लागली की द्यायच्या त्या मोठाल्या गोळ्या. स्वतःचं पोट बिघडलं की आबा त्यातलीच अर्धी मोडून गिळायचे. "मेंढराला मानवती, मला का न्हाई मानवणार?" आणि जुलाब थांबायचेही. पुढं पोट सारखंच बिघडू लागलं, आणि अर्धीची अख्खी झाली.

मी दौंडला नांदते. गेल्या उन्हाळ्यात आबांना माझ्याकडं आणलं, तेव्हा सदरा अंगावर नुसता लोंबत होता. डॉक्टरांना गोळ्यांचं मीच सांगितलं, कारण आबा भिंतीकडं बघत बसले. डॉक्टर रागावले नाहीत, त्याचीच मला धास्ती वाटली. ते म्हणाले, मोठ्या आतड्यात ऑक्सिजन जवळजवळ नसतोच. तिथले चांगले जंतू हवेवाचूनच जगतात. भाकरी-भाजीच्या चोथ्यातून ते आतड्याच्या अस्तराला खाऊ घालतात, आणि ते खाणं पचवताना अस्तर रक्तातून येणारा ऑक्सिजन वापरून टाकतं, आत झिरपू देत नाही. गोळ्या होत्या अँटिबायोटिकच्या; त्यांनी ते जंतू मेले. अस्तर उपाशी राहिलं, ऑक्सिजन आत शिरला. हवा असो नसो, दोन्हीत तग धरणारे जंतू एरवी तिथं मूठभरच असतात. हवा मिळताच ते तिच्यावर जगू लागले आणि माजले; पोट बिघडतं ते त्यांच्यामुळं.

आबा भिंतीकडून वळले. मग म्हणाले, "मेंढी रवंथ सोडती तवा आमी धडधाकट मेंढीच्या तोंडातला घास काढून तिला चारतो. तसं काय हाय का?"

"माणसातही तसं काहीसं करतात, निरोगी माणसाचे जंतू आजाऱ्याच्या आतड्यात सोडतात," डॉक्टर म्हणाले, "पण इथं सोय नाही. गोळ्या बंद करा. ताक, भाकरी, भाज्या खा. जंतू परततात का बघू."

आबांनी पिशवीतून सोबत आणलेला डबा मी त्याच दिवशी काढून घेतला. आबा मुकाट्यानं ताक पीत राहिले. तोंडावर रंग आला, जिना चढू लागले. सुटलो बाई, असं वाटलं मला.

मग एका दुपारी आबांना हुडहुडी भरून ताप चढला; दवाखान्यात भरती करावं लागलं. ते माजलेले जंतू आतड्यातून रक्तात उतरले होते. ज्याला मी भीत होते तेच डॉक्टरांनी सांगितलं. आता अँटिबायोटिक दिल्याशिवाय माणूस वाचायचा नाही, आणि दिलं तर पोटात नुकते परतलेले चांगले जंतूही मरणार.

"द्या," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

दुसऱ्या दिवशी ताप उतरला. आबा उठून बसले, भाकरी मागू लागले, शेजारच्या खाटेवरच्या माणसाशी मेंढरांवरून वाद घालू लागले. निमोण्याहून आलेली आई सारखी देवाला हात जोडत होती. मी अँटिबायोटिकच्या सलाईनकडं बघत होते. आबांना वाचवणारा एकेक थेंब आत उरलंसुरलं मारत होता, आणि मीच नर्सला विचारत होते, पुढची बाटली कधी लावणार.