वैशालीताईंचे चार तास

मंडळी, आज ऑफिसात मान खाली घालावी लागली, आणि चूक सगळी माझीच.

आमच्या गंगापूर रोडच्या ऑफिसात घरांचे नकाशे काढतात. वैशालीताई पार्ट-टाइम, दुपारी चारच तास येतात. सकाळी त्यांना मळ्यातली फुलं तोडायची असतात. कोणाला कुठल्या प्रोजेक्टचं किती काम द्यायचं, ते सॉफ्टवेअरमध्ये मी भरते.

महिन्यापूर्वी त्यांना तिसरा प्रोजेक्ट दिला आणि नावापुढे लाल रंग आला, म्हणजे काम जास्त झालं. साहेबांना ते दिसू नये म्हणून मी सॉफ्टवेअरमध्ये वैशालीताईंच्या चार तासांचे आठ केले. झालं हिरवं!

आज त्या राजीनामा घेऊन आल्या. “मॅडम, कॉम्प्युटरवर माझ्या नावापुढे हिरवंच दिसतं, तरी एवढंसं काम मला चार तासांत जमत नाही. रोज घरी नेऊन पुरं करते. हातच हळू झालेत माझे.”

मी खरं काय ते सांगून टाकलं. वाटलं, आता चिडतील. चिडायलाच हवं होतं.

त्यांनी फक्त विचारलं, “म्हणजे मी हळू नाही ना?”

तास मी लगेच चार केले. पण महिनाभर त्या स्वतःलाच दोष देत राहिल्या, त्याची माफी कशी मागतात हो?