पुसलेली रेघ

मंगळवारी सकाळी माझी पत्नी वारली. त्या दिवशी दारात रांगोळी पडली नाही. कुत्रं घरात आलं आणि मी त्याला मारलं.

तिला जिथं निजवलं होतं तिथं संध्याकाळी दिवा लावला होता. भोवती नातलग बसले होते. कुत्रं उंबऱ्याशी थांबलं, मान खाली घालून त्यानं फरशी हुंगली आणि सावकाश येऊन ते दिव्यापाशी बसलं. पाथरीहून आलेले माझे थोरले बंधू म्हणाले, "सुतकाचं घर अन् दिव्यापाशी कुत्रं. मास्तर, तुम्हाला दिसंना का?" चारचौघांत टोमणा मारायचा असला की ते मला मास्तर म्हणतात. मी उठलो, दाराआडची छत्री घेतली आणि कुत्र्याला दोन तडाखे दिले. ते ओरडलं नाही. पहिल्या तडाख्याला ते पुढचे पाय जुळवून नीट बसलं. आपलं काही चुकलं की बसायचं, असं तिनं त्याला शिकवलं होतं. दुसऱ्या तडाख्यानंतर ते बाहेर गेलं.

त्याला घरात घ्यायचं नाही, ही अट माझी होती. परभणीतल्या आमच्या गल्लीत ते पिल्लू शेजाऱ्यांच्या स्कूटरखाली सापडलं, तेव्हा मी तिला म्हणालो होतो, पाळायचं तर पाळ, पण उंबऱ्याच्या आत नको, घरात देव आहेत. तिनं वाद घातला नाही. नोकरीची सगळी वर्षं तिनं पहिलीचा वर्ग शिकवला होता. रोज सकाळी ती उंबऱ्यापुढे रांगोळीची एक सरळ रेघ ओढायची आणि आतल्या बाजूला भाकरीचा तुकडा घेऊन बसायची. पिल्लाचा पाय रेघेवर पडला तरी रागावत नसे. त्याला उचलून मागं ठेवायची, "बस बाबा" म्हणायची आणि मोडलेली रेघ पुन्हा जुळवायची. रोज तीच वेळ, तेच शब्द, आवाजही तोच. मी वाचनालयातून कुत्री शिकवण्याचं एक पुस्तक आणलं आणि त्यातलं एक प्रकरण तिला वाचून दाखवू लागलो. ती म्हणाली, "तुम्ही पुस्तकातलं कुत्रं वाढवा. मला हे बघू द्या."

पुढे ते रेघेशी येऊन आपणहून थांबू लागलं. पाहुणे आले की मी ते दाखवायचो, जणू मीच शिकवलं होतं.

गंगाखेडला गोदावरीत अस्थी सोडून परत आलो, तेव्हा बंधू म्हणाले, "तेरावं झालं की कुत्रं मला दे. शेतावर राखणीला होईल." मी बरं म्हणालो. ज्याला मारलं ते जनावर रोज समोर नको वाटत होतं.

सुतकात आमच्याकडे चूल पेटत नव्हती. शेजारच्या वहिनी पिठलं-भाकरी आणून द्यायच्या. त्यांनी हे ऐकलं होतं. बंधू उठून गेल्यावर त्या म्हणाल्या, "भावजी, त्याला देऊ नका. त्यानं काय केलंय? तुमी दुपारी वाचनालयात गेलात की ताई ओल्या फडक्यानं रेघ पुसायच्या. मग ते आत यायचं, त्यांच्या पायाशी निजायचं. तुमच्या यायच्या वक्ताला पुन्हा बाहेर, पुन्हा रेघ. म्हणायच्या, रेघ हाय तवर बाहेर, न्हाई तवा आत, लेकराला लय चांगलं कळतंय. आमच्या मास्तरांनाच तेवढं सांगू नका." वहिनींना हसू आलं आणि लगेच त्यांनी पदर तोंडाला लावला.

त्या संध्याकाळी रेघ नव्हती. त्यानं हुंगून खात्री केली होती आणि शिकवल्याप्रमाणे ते आत आलं होतं. छत्रीची लाज मला वहिनींचं ऐकताच वाटली. दुसरी मागून आली आणि ती अजून सरत नाही. एवढीशी गोष्ट तिला स्वतःच्या घरात माझ्यापासून लपवावी लागली.

कुत्रं देत नाही, असं मी बंधूंना सांगितलं. "आता पाटावर बसवून वाढणार का त्याला?" ते म्हणाले. मारलं चारचौघांत होतं, तर चूक माझी होती हेही चारचौघांतच सांगायला हवं होतं. तेराव्याला सगळे जमले, तेव्हाही मला ते जमलं नाही.

सुतक फिटल्यापासून रेघ मी ओढतो. ती वाकडी येते, तरी कुत्रं तिच्यापाशी थांबतं. दुपारी मी वाचनालयात जात नाही. फडकं ओलं करून रेघ पुसतो, आत बसतो, भाकरीचा तुकडा पुढं धरतो आणि "ये बाबा" म्हणतो. ते उंबऱ्यापर्यंत येतं, फरशी हुंगतं. माझा हात जरासा हलला की पुढचे पाय जुळवून बसतं. मग मी तुकडा उंबऱ्यावर ठेवतो आणि मागं सरकतो. तुकडा घेऊन ते परत जातं.

आता घरात मी असतो. दुपारी दारात रेघ नसते. ते बाहेर बसलेलं असतं.