नाचणीच्या डब्यातली मशेरी

"झाकन लाव आदी!"

हे त्याचं वाक्य. दारात पाहुणा येवो, मीटर वाचणारा येवो, कोणी वारल्याचा निरोप घेऊन येवो, आधी हेच. उघडा डबा असायचा त्याच्याच मांडीवर, आणि ओरडायचा दुसऱ्यांवर. वयाने वडीलधारा माणूस, अहो-जाहो करायला हवं. तोंडावर मी करायचेही. इथे करणार नाही.

बोईसरजवळच्या नवापूरला आमच्या घराला लागून त्याचं घर. असे म्हातारे तुम्हीही पाहिले असतील. आयुष्यात एक काम धड केलेलं नसतं, पण कुठल्यातरी एका फालतू गोष्टीत स्वतःला मोठे जाणकार समजतात. याची गोष्ट म्हणजे मशेरी. चुलीवर तवा टाकून तो तंबाखू काळी होईपर्यंत भाजायचा आणि आम्ही आमच्या घरात खोकत बसायचो. एकदा म्हटलं, "काका, जरा लांब जाऊन भाजा ना." तर म्हणाला, "लांब वारा लागतो, बाय. आच सारकी बसत नाय."

भाजून, कुटून, चाळून झालं की खरं पुराण सुरू व्हायचं, ती ठेवायची कशी. समुद्र हाकेवर. मिठाला पाणी सुटतं, पापड वाकतात, काडी पेटत नाही, पण याची मशेरी भुरभुरीत राहिली पाहिजे. गरम भरली तर झाकणाला घाम येऊन बुरशी. ओलं बोट बुडवलं तर गुठळ्या. त्याच्या बायकोने एकदा दात घासता घासता ओलं बोट घातलं, तर कित्येक दिवस तो तिच्याशी बोलला नाही. ती मला म्हणाली, "बरा झाला. तेवढाच कानांना आराम."

पुढे ती वारली. मग मुलाच्या मागे लागून त्याने बोईसरच्या कारखान्यातून ओल शोषणाऱ्या बारक्या पुड्या मागवल्या आणि डब्यात घातल्या. त्या पुडीवर 'खाऊ नये' असं छापलेलं होतं. मी ते त्याला वाचून दाखवलं. "ते पुडीचा सांगतात," तो म्हणाला, "मशेरीचा नाय."

आता डबा. पत्र्याचे, प्लास्टिकचे, काचेचे, सगळे त्याने नापास केले होते. अशात घरात नातीसाठी नाचणीच्या सत्त्वाचा डबा आला. नात जेमतेम चालायला लागलेली. डब्यावर पिवळं बदक, आणि झाकण असं घट्ट की उघडताना फट्‌ असा आवाज यायचा. तो आवाज ऐकून हा वेडाच झाला. सत्त्व अर्धंही संपलं नव्हतं. याने ते पिशवीत ओतलं, डबा पुसून उन्हात तापवला आणि मशेरी भरली. सून एडवणची, शांत पोरगी. ती म्हणाली, "बाबा, तिला बदक वलखता येतो. तो डबा नको." याने उत्तर दिलं, "वर ठेवतो ना मी. हवा जानार नाय असा एकच डबा हाय घरात."

हवा गेली नाही. पोर मात्र घरातून गेली.

सकाळी ओट्यावर बसून हा मशेरी लावत होता. तोंड भरलेलं, डबा बाजूला उघडा. पोरीने बदक पाहिलं, मूठ भरली आणि तोंडात घातली. याला दिसलं. पण तोंडात थुंकी साचलेली, ती टाकायला हा आधी अंगणाच्या कडेला गेला आणि मग ओरडला. तोवर दुसरी मूठ गेली होती. पोरगी ओकली, पांढरी पडली, मान टाकली. मी आणि सून तिला रिक्षात घालून बोईसरला पळालो. डॉक्टरांनी वाचवली. संध्याकाळी हा दवाखान्यात आला, खाटेजवळ उभा राहिला आणि याने मला हळूच विचारलं, "गडबडीत डबा कोन बंद केला काय?"

सुनेनेही ऐकलं होतं.

ती दवाखान्यातून सरळ एडवणला माहेरी गेली. तिचं म्हणणं एकच होतं, घरात तंबाखू आहे तोवर माझी पोर त्या घरात येणार नाही. मुलगा बापाच्या पाया पडला. बापाने काय केलं? कपाट आणलं, कुलूप लावलं, किल्ली करदोट्याला बांधली आणि गावभर सांगत सुटला, "आता काय भीती? देवाच्या दागिन्यांना नाय एवढा बंदोबस्त हाय." वरून म्हणाला, "येल तीच. जाते कुटं?"

ती आली नाही. मुलगाही तिकडेच राहायला गेला आणि तिथूनच कामावर जाऊ लागला. मधूनमधून बापाला तांदूळ-डाळ टाकून जायचा, बसायचा नाही. हा एकटाच भाजायचा, कुटायचा, कुलूप लावायचा. मला कीव यायला हवी होती. नाही आली. माणूस नातीपेक्षा भुकटी जपतो, त्याची कसली कीव करायची?

मग काही वर्षांनी एकदा पालघरच्या बाजारात सून भेटली. सोबत नात, शाळेच्या गणवेशात, दोन वेण्या. मी वाकून म्हटलं, "आजोबांना ओळखतेस ना गं? नवापूरचे?" तिने आईकडे पाहिलं. "कोन आजोबा?"

आई तिचा हात धरून पुढे निघाली.

घरी आले तर हा ओट्यावर. कोणी सांगितलं होतं देव जाणे, पण त्याला कळलं होतं. उठायला गेला, गुडघा धरून परत बसला.

"पोर भेटली?"

"भेटली."

"मोठी झाली आसंल." त्याने करदोट्याची किल्ली चाचपली. "माजा काय इचारलान?"

तोंडावर आलं होतं सगळं. इतकी वर्षं साठलेलं होतं. तो माझ्या तोंडाकडे बघत होता, ओठाच्या कडेला काळं लागलेलं.

"विचारलं," मी म्हटलं. "आजोबा कसे आहेत म्हणाली."

"म्हननारच," तो म्हणाला. "रगत हाय माजा." आणि हसला. पुन्हा पुन्हा विचारून त्याने ते माझ्याकडून तीनदा वदवून घेतलं.

त्या पावसाळ्यात तो गेला. नात आपली आठवण काढते, एवढं उराशी धरून सुखाने गेला. त्याचा मला अजून राग येतो.